दशांश आणि कारभारीपण

धर्मासाठी द्रव्य लागते आणि द्रव्य आले की त्याबरोबर हिशेब, हक्क आणि तंटेही येतात, हा अनुभव कोणत्याही समाजाला चुकलेला नाही. देवस्थानची इनामे, मठांच्या जमिनी, वक्फाच्या मिळकती यांचे वाद आपल्या परिचयाचे आहेत. ख्रिस्ती समाजात हा प्रश्न दशांशाच्या रूपाने उभा राहिला. उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला द्यावा, एवढाच हा नियम. परंतु या साध्या नियमाचे दान होते, कर होतो, त्यापायी माणसे मरतात आणि शेवटी तो पुन्हा दानाकडे वळतो. हा प्रवास समजून घेणे हाच प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

महाराष्ट्राला दहावा हिस्सा हा शब्द नवा नाही. चौथाई म्हणजे चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे शेकडा दहा, या दोन हक्कांच्या सनदा 1719 साली दिल्लीहून मराठ्यांना मिळाल्या, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु सरदेशमुखी हा राजकीय हक्क होता. ती घेणाराही तिला भक्ती म्हणत नव्हता आणि देणाराही म्हणत नव्हता. दशांशाचे दुखणे वेगळे आहे. तो भक्ती म्हणून जन्मला आणि पुढे हक्क बनला.

त्याचे मूळ इब्री लोकांच्या धर्मग्रंथांत आहे. अब्राहामाने लढाईतील लुटीचा दहावा भाग मलकीसदेकाला दिला आणि याकोबाने बेथेल येथे दशांशाचा नवस केला, अशा कथा उत्पत्तीच्या पुस्तकात येतात. पुढे मोशेच्या नियमशास्त्रात त्याची व्यवस्था लागली. इस्राएलाच्या बारा वंशांत लेवी वंशाला जमिनीचा वाटा नव्हता, उपासनेची सेवा हीच त्याची वृत्ती होती. तेव्हा इतरांच्या धान्याचा आणि गुरांचा दहावा भाग लेव्यांच्या उपजीविकेसाठी ठरला, आणि लेव्यांनीही मिळालेल्या दशांशाचा दशांश याजकांना द्यावा असे सांगितले गेले. याहून महत्त्वाची गोष्ट अनुवादाच्या पुस्तकात आहे. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवावा आणि त्यावर लेवी, परदेशी, अनाथ व विधवा यांनी पोटभर जेवावे, अशी आज्ञा तेथे आहे. म्हणजे विधवा ही दशांश घेणाऱ्यांच्या पंक्तीत होती. पुढचा इतिहास वाचताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी, अशी आमची विनंती आहे.

येशूच्या उपदेशात दशांशाचा उल्लेख आहे, पण तो बहुतांशी इशाऱ्याच्या स्वरात. पुदिना, शेप, जिरे यांचा दशांश मोजून देणारे लोक न्याय, दया आणि विश्वास मात्र सोडून देतात, असा त्याचा ठपका होता. मंदिराच्या दानपेटीत दोन अगदी लहान नाणी टाकणाऱ्या विधवेला त्याने सर्व श्रीमंतांहून मोठी दाती ठरविले. तिने तर दहावा नव्हे, होते नव्हते ते सारे दिले होते. पौलाने यरुशलेमातील गरिबांसाठी वर्गणी गोळा केली. आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपल्या प्राप्तीप्रमाणे काही बाजूला काढावे, जुलमाने देऊ नये, असे त्याने करिंथच्या मंडळीला लिहिले. हिस्सा त्याने सांगितला नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन आणि त्या शतकाच्या अखेरीस टर्टुलियन या लेखकांनी ख्रिस्ती मंडळ्यांच्या निधीचे वर्णन केले आहे. दोघेही सांगतात की ही रक्कम स्वेच्छेची असे आणि ती अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांच्यासाठी खर्च होई.

मग स्वेच्छेचे दान सक्तीचे केव्हा झाले? रोमन साम्राज्य ख्रिस्ती झाले, मंडळीचा व्याप वाढला, खेडोपाडी देवळे उभी राहिली आणि धर्मगुरूंच्या निर्वाहाला नियमित उत्पन्न हवे झाले. 585 साली फ्रान्समधील माकों येथील धर्मसभेने दशांश न देणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा सांगितली. 779 साली शार्लमेन राजाने हेर्स्टाल येथील फर्मानाने दशांश हा राज्याचा कायदाच केला. दहाव्या शतकात इंग्लंडच्या राजांनीही तोच मार्ग धरला. हेतू वाईट नव्हता, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. जमा होणाऱ्या द्रव्याचे बिशप, धर्मगुरू, गरीब आणि देवळाची डागडुजी असे चार भाग करावेत, हा रोमकडचा जुना दंडक होता. कागदावर तरी गरिबांचा वाटा शाबूत होता.

प्रत्यक्षात काय झाले? धान्य, गवत आणि लाकूड यांचा मोठा दशांश, आणि कोकरे, अंडी, फळे यांचा लहान दशांश अशा प्रती पडल्या. शेतात दर दहावी पेंढी बाजूला निघे आणि ती साठविण्यास प्रचंड कोठारे बांधली जात. गावच्या देवळाचे उत्पन्न पुष्कळदा दूरच्या मठाकडे जाई. पुढे आठव्या हेन्रीने 1536 ते 1540 या काळात मठ मोडले, तेव्हा मठांचे दशांशाचे हक्क राजाकडे आणि राजाकडून सरदार-जमीनदारांकडे गेले. म्हणजे ज्याचा उपासनेशी काडीचा संबंध नाही असा सावकार देवाच्या नावाने दहावी पेंढी उचलू लागला. आपल्याकडे इनामे आणि वतने जशी गहाण पडत आणि विकली जात, तसाच हा प्रकार होता.

याविरुद्ध ओरड झाली नाही असे नाही. 1525 साली जर्मनीतील शेतकऱ्यांनी मेमिंगन येथे आपल्या बारा मागण्या मांडल्या. त्यांत त्यांनी धान्याचा दशांश देण्याचे नाकारले नाही. तो गावाने निवडलेल्या माणसांनी गोळा करावा, धर्मगुरूचा निर्वाह चालवावा आणि उरलेला गरिबांना वाटावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. गुरांवरचा लहान दशांश मात्र त्यांनी साफ नाकारला. या मागण्यांत आम्हांस मोठे शहाणपण दिसते. शेतकऱ्यांचे भांडण देण्याशी नव्हते, हिशेब हाती नसण्याशी होते. पुढे सतराव्या शतकात इंग्लंडातील क्वेकर पंथाने सक्तीचा दशांश देणे हेच पाप मानले आणि त्यापायी भांडीकुंडी जप्त होऊ दिली, तुरुंग पत्करला. फ्रान्समध्ये 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री सरंजामी हक्कांवर कुऱ्हाड पडली आणि त्यापाठोपाठ दशांशही गेला.

सर्वांत दारुण प्रकरण आयर्लंडचे. तेथील बहुसंख्य लोक रोमन कॅथॉलिक, पण दशांश भरायचा तो इंग्रज सत्तेने स्थापिलेल्या प्रॉटेस्टंट चर्चला. स्वतःच्या धर्मगुरूला ते वेगळे देतच. शिवाय अठराव्या शतकात कुरणांवरचा दशांश जवळजवळ सुटला होता, त्यामुळे मोठ्या जनावरवाल्याला सूट आणि दोन-चार वाफे बटाटे लावणाऱ्याला वसुली, अशी उफराटी तऱ्हा झाली. 1831 च्या मार्चमध्ये किलकेनी परगण्यातील ग्रेगनमना येथे जनावरे जप्त करण्यावरून ठिणगी पडली. जूनमध्ये न्यूटाउनबॅरी येथे गोळीबार झाला, डिसेंबरात कॅरिकशॉक येथे जमावाने पोलिसांनाच ठार केले. 18 डिसेंबर 1834 रोजी कॉर्क परगण्यात राथकॉर्मकजवळ सैनिकांसह वसुलीसाठी माणसे एका शेतघराशी गेली. थकबाकी चाळीस शिलिंगांची होती. गोळ्या सुटल्या आणि डझनभर तरी माणसे जागी पडली. ज्या घरची ती बाकी होती, ते घर एका विधवेचे होते.

अनुवादाच्या पुस्तकातील विधवा दशांशावर जेवायला बसली होती. राथकॉर्मकची विधवा दशांशापायी प्रेते मोजत उभी राहिली. नियम तोच, हिस्सा तोच, ग्रंथही तोच. मधल्या काळात बदलले ते एवढेच की, देणाऱ्याचे मन आणि घेणाऱ्याची जबाबदारी या दोन्ही गोष्टी गळून पडल्या आणि आकडा तेवढा उरला.

यानंतर सक्तीचा दशांश फार दिवस टिकणे शक्य नव्हते. 1836 साली इंग्लंडात पेंढ्यांऐवजी धान्याच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर बांधलेली रोख रक्कम ठरली; 1838 साली आयर्लंडात ही रक्कम चतुर्थांशाने घटवून जमीनदारावर टाकली गेली; 1869 च्या कायद्याने तेथील चर्चचा सरकारी दर्जाच काढण्यात आला. इंग्लंडातील शेवटचे अवशेष 1936 आणि 1977 च्या कायद्यांनी पुसले गेले.

कायदा गेला तरी प्रश्न राहिलाच. सक्ती नाही तर माणूस देईल का, आणि किती देईल? याचे एक उत्तर मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकातच आचरून दाखविले होते. ऑक्सफर्डला असताना तीस पौंडांच्या प्राप्तीत ते अठ्ठावीसांत भागवीत आणि दोन देत. प्राप्ती साठ झाली तरी खर्च अठ्ठावीसच, दान बत्तीस. नव्वद झाली तेव्हा दान बासष्ट. येथे दशांशाचे गणितच उलटले. प्रामाणिकपणे मिळवावे, उधळपट्टी टाळून राखावे आणि राखलेले देऊन टाकावे, असा त्यांच्या उपदेशाचा सारांश होता. मराठी बायबलात यासाठी 'कारभारी' हा आपला अस्सल शब्द आहे. कारभाऱ्याच्या हाती सारी दौलत असते, पण त्यातली कवडीही त्याची नसते. दशांश देणारा दहावा भाग देऊन नऊ भागांचा मालक होतो. कारभारी मात्र दहाही भागांचा जाब देतो. महात्मा गांधींच्या विश्वस्तवृत्तीच्या विचाराशी याचे नाते सहज ध्यानात येईल.

हिंदुस्थानातील ख्रिस्ती मंडळ्यांत या विचाराला एक निराळीच धार आली. 1813 साली मुंबईस आलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांचा अमेरिकन मिशनचा खर्च तिकडच्या सामान्य लोकांच्या वर्गण्यांतून चाले. परंतु परक्याच्या वर्गणीवर चालणारे चर्च स्वतंत्र कसे होणार? 25 डिसेंबर 1905 रोजी सेरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, ती हिंदी माणसे आणि हिंदी पैसा या तत्त्वावर. तिच्या प्रवर्तकांपैकी अझारिया पुढे 1912 साली दोर्नकलचे बिशप झाले. तेलुगू मुलखातील त्यांच्या मंडळ्यांत बहुतेक लोक दलित शेतमजूर होते, आणि त्यांनाच अझारियांनी देण्याचा मान शिकविला. आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1917 साली मिशनचे वेतन सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि 'देवाचा दरबार' मांडला, तोही याच ओढीचा आविष्कार होय. मिझोरामच्या डोंगरात 1910 पासून बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढीत आल्या आहेत, आणि ती प्रथा आजही चालू आहे. अंताजीपंत काळे यांचा पैसा फंड आणि त्यातून उभा राहिलेला तळेगावचा काच कारखाना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मुठीचे बळ सांगावयास नको.

तथापि एक शंका उरते. दहावा हिस्सा सर्वांना सारखा म्हणणे न्यायाचे आहे काय? रोजंदारीच्या मजुराच्या दहाव्या रुपयात त्याच्या मुलाचे दूध असते. धनिकाच्या दहाव्या लाखात त्याचे काहीच अडत नाही. म्हणून धनिकाने दशांशावर थांबू नये आणि मजुराकडे तो मागताना मागणाराची जीभ अडखळावी, असे आम्हांस वाटते. कारभारीपणाला दुसरी बाजूही आहे. देणाऱ्याने देवाला जाब द्यावा, पण घेणाऱ्याने माणसांना हिशेब द्यावा. आपल्या राज्यात 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याने देऊळ, मशीद, चर्च अशा सर्वांच्या न्यासांवर नोंदणीचे आणि हिशेब तपासून घेण्याचे बंधन घातले. मेमिंगनच्या शेतकऱ्यांनी मागितले होते, ते याहून फार निराळे नव्हते.

दशांशाच्या या दीर्घ इतिहासाची कसोटी आमच्या मते एकच आहे. पेटी फिरून आल्यावर तीत किती जमले, हे पाहण्याआधी गावातली विधवा त्या पंक्तीत कोठे बसली आहे, हे पाहावे. ती जेवायला बसली असेल तर हिस्सा दहावा असो वा विसावा, तो धर्म आहे. तिच्याच दाराशी वसुली उभी असेल, तर त्याला कोणत्याही ग्रंथाचा आधार दाखविला तरी तो धर्म नव्हे.