गोधा, घोरपड आणि घुमट

संस्कृतातील 'गोधा' हा शब्द घोरपडीचा वाचक आहे. तसाच तो प्रत्यंचेच्या आघातापासून धनुर्धराचा हात राखणाऱ्या चर्मपट्ट्याचाही वाचक आहे. ऋग्वेदाच्या ८व्या मंडलातील ६९व्या सूक्तात गर्गराबरोबर गोधेचाही नाद वर्णिला आहे. सायणाचार्य तेथे हस्तत्राण असा अर्थ घेतात, तर आधुनिक अभ्यासकांपैकी काहींना तेथे वाद्य अथवा वाद्याची तार अभिप्रेत वाटते. कोणताही पक्ष स्वीकारला तरी प्राणी, कातडे आणि ध्वनी यांचे साहचर्य प्राचीन ठरते.

या साहचर्याचे जिवंत उदाहरण म्हणजे गोमंतकातील घुमट होय. दोन्ही बाजूंनी उघडा असा हा मातीचा घट. त्याच्या रुंद तोंडावर घोरपडीचे पातळ कातडे ताणून बसवीत. अरुंद तोंड डाव्या तळहाताने झाकीत-उघडीत वादक नाद घुमवितो. गणेशचतुर्थीची आरती, शिगमा, सुवारीवादन आणि ख्रिस्ती समाजातील मांडो, या सर्वांत त्याला स्थान आहे. धर्मभेद ओलांडणारी अशी वाद्ये थोडीच.

घोरपडीवरचे संकट केवळ घुमटामुळे ओढवले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिचे व सर्पांचे कातडे पादत्राणे आणि हातपिशव्यांसाठी भारतातून परदेशी मोठ्या प्रमाणावर जात असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराचा भारत १९७६ साली सदस्य झाला, त्या कराराने या व्यवहाराला पायबंद घातला. आज घोरपड अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. दहिसर नदी ज्या राष्ट्रीय उद्यानातून वाहत येते तेथील घोरपडीला जे संरक्षण, तेच गोव्याच्या शेताच्या बांधावरील घोरपडीलाही. निर्यातदाराचा गठ्ठा आणि गावच्या वादकाचे एक कातडे यांत कायदा भेद करीत नाही. वादकाला हे जाचक वाटणे स्वाभाविक होते. परंतु 'एकाच कातड्याची' सवलत दिली असती तर तिच्या आडून व्यापार पुन्हा सुरू झाला असता, हेही नाकारता येत नाही.

परिणामी पूजेचे वाद्य कित्येक दशके कायद्याच्या दृष्टीने संशयास्पद राहिले. बकऱ्याचे कातडे वापरात आले. ते जाड, म्हणून नाद बोजड, ही जुन्या वादकांची तक्रार निराधार नव्हे. २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान्यता दिली, ती या पर्यायी कातड्याच्या आधारेच. घट कुंभाराच्या हातचाच राहिला, डावा तळहातही तोच. कातडे तेवढे बकऱ्याचे झाले.