एका गुणाचा वाद

मैदान उठते, हलगी थांबते, माणसे आपापल्या गावची वाट धरतात. कुस्ती मात्र तिथे संपत नाही. सातारा-सांगली पट्ट्यात ती पुढे कित्येक दिवस पारावर, चहाच्या टपरीवर आणि एसटीच्या बाकावर पुन्हा पुन्हा खेळली जाते. पाठ खरोखर लागली होती का, पंचाने शिट्टी घाईने वाजवली का, गुण दोनच द्यायला हवे होते की चार, यावर तास तास वाद चालतो. सुशिक्षित माणूस या वादाला रिकामटेकड्यांची करमणूक समजून पुढे जातो. आम्हांला मात्र या वादात एक इतिहास दडलेला दिसतो. एकाच घटनेची दोन वाचने, साक्षीदाराची विश्वासार्हता आणि अर्थ लावण्याचा अधिकार हे प्रश्न वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाहीत. कुस्तीशौकीन तेच प्रश्न वेगळ्या भाषेत विचारत आला आहे.

आधी ही भाषाच पाहू. चीत, चितपट, निकाली, पेच, डाव हे शब्द आखाड्यातून निघून राजकारणात आणि घरगुती बोलण्यात कधी शिरले हे कुणाच्या ध्यानातही आले नाही. यांतला ‘निकाली’ हा शब्द विशेष अर्थपूर्ण आहे. निकाली कुस्ती म्हणजे जिचा निकाल मातीनेच लावला अशी कुस्ती. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली की विषय संपला. नाहीतर जोड बरोबरीत सोडवायची. पलूस तालुक्यातील कुंडलच्या मैदानासारख्या ठिकाणी हजारो डोळे एकाच वेळी तो निकाल पाहतात. पंच तिथेही असतो, पण त्याचे काम बहुतेक वेळा सर्वांनी पाहिलेली गोष्ट उच्चारण्यापुरतेच असते.

याचा अर्थ जुनी कुस्ती संशयमुक्त होती असा नव्हे. ‘नुरा कुस्ती’ हा शब्द मराठीत उगाच रुजलेला नाही. दोन्ही मल्लांनी आधीच संगनमत करून खेळलेली लटकी लढत, हा त्या व्यवस्थेतला घोटाळा. तिथे संशयाचे बोट मल्लांकडे असे. गुणांची पद्धत रुळली तसतसा हा संशय मल्लांवरून पंचांकडे सरकला, असे आम्हांला वाटते. मातीवरचा निकाल दिसत होता. गुणांचा निकाल वाचावा लागतो, आणि वाचन आले की वाचणाऱ्याविषयीचा प्रश्नही आलाच.

येथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे. प्रतिस्पर्ध्याचे गुपित जाणून घेणे कुस्तीत कधी अन्याय मानले गेले नाही. कोणत्या मल्लाचा हुकमी डाव कोणता, कोण घिस्सा मारतो आणि कोण ढाकेवर जातो, हे शौकिनाला तोंडपाठ असते. मग प्रतिस्पर्ध्याला ते ठाऊक असणारच. म्हणून तर वस्तादाने शेवटचा एक डाव राखून ठेवण्याची कथा तालमींतून सांगितली जाते. सादीच्या तेराव्या शतकातील ‘गुलिस्तान’मध्येही ती आहे. तिथला उस्ताद तीनशे साठ डाव जाणतो आणि लाडक्या शिष्याला तीनशे एकोणसाठ शिकवतो. शिष्य उलटतो तेव्हा उरलेला एक डाव उस्तादाच्या कामी येतो. गुपित राखणे ही ज्याची त्याची जबाबदारी, हे या कथेचे गृहीतक आहे.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये २०२३ साली याच गृहीतकावरून वादळ उठले. मिशिगन विद्यापीठाच्या संघातील एका कर्मचाऱ्याने पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना माणसे पाठवून त्यांच्या प्रशिक्षकांचे हातवारे टिपून घेतले, असा आरोप झाला. चालू सामन्यात समोरचे इशारे ओळखण्यास तिथे मनाई नव्हती. मनाई होती ती भावी प्रतिस्पर्ध्याचा सामना प्रत्यक्ष जाऊन टेहळण्यास, आणि तीही १९९४ पासून. प्रशिक्षक जिम हार्बॉ यांना तीन सामन्यांपुरते दूर ठेवण्यात आले, तरी जानेवारी २०२४ मध्ये मिशिगनने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेच. त्या विजयाला डाग लागला की नाही यावर तिकडचे चाहते हिरिरीने भांडले. एका बाजूचे म्हणणे, डोळ्यांना दिसते ते पाहण्यात चोरी कसली? दुसरी बाजू म्हणे, पाहण्यालाही नियम असतात. पाहिले काय आणि कोणत्या हक्काने पाहिले, या दोन प्रश्नांची सरमिसळ हे त्या भांडणाचे मूळ होते. आपल्या आखाड्यातील वादातही पाहण्याच्या हक्काचा प्रश्न आहे. फक्त तिथे आरोपीच्या जागी पंच उभा असतो.

आता कराडकडे येऊ. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझपदक मिळवले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये मिळालेले ते पहिले वैयक्तिक पदक. त्याआधी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले होते. त्यांची कथा सांगताना दोन प्रसंग हटकून येतात. पहिला निवडीचा. मद्रासच्या स्पर्धेत निरंजन दास यांना एक गुण अधिक देऊन खाशाबांना डावलण्यात आले. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा लढत लावली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले. दुसरा प्रसंग हेलसिंकीचा. जपानच्या शोहाची इशिई यांच्याशी दमवणारी लढत झाल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोव्ह यांच्यापुढे उभे करण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान तीस मिनिटांच्या विश्रांतीचा नियम होता, पण तो बजावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता.

या प्रसंगांचे तपशील सांगणाऱ्यागणिक थोडेथोडे बदलतात, हे इतिहासाच्या वाचकाने ध्यानात ठेवावे. बँटमवेट गटाच्या निकालपत्रात इशिई पहिले, ममादबेयोव्ह दुसरे आणि जाधव तिसरे एवढेच आहे. विश्रांतीची ती अर्धी तास निकालपत्रात नाही. ती लोकांच्या सांगण्यात टिकली. पण लोकांनी काय टिकवले हे पाहण्यासारखे आहे. इशिई अधिक बलवान होते की नव्हते, यावर सातारा जिल्ह्यात कुणी वाद घातल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. सल आहे तो वेगळाच: नियम आपल्या बाजूचा होता आणि तो मोठ्याने वाचून दाखवणारे आपले माणूस तिथे नव्हते. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले म्हणून हा मल्ल फिनलंडला पोहोचू शकला. शिक्षकाने घर पणाला लावले आणि शासकीय व्यवस्था एक माणूस आखाड्याशेजारी उभा करू शकली नाही, हा त्या सलाचा खरा आशय आहे.

सत्तर वर्षांनी तोच सल नव्या रूपात उसळला. महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ पासूनची. पहिला मान सांगलीच्या दिनकर दह्यारी यांचा. माती आणि गादी या दोन विभागांचे विजेते किताबासाठी लढतात. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड यांनी सिकंदर शेख यांच्यावर बाहेरची टांग मारली आणि पंचांनी चार गुण दिले. सिकंदर यांची पाठ धोक्याच्या अवस्थेत गेलीच नव्हती, तेव्हा गुण दोनच हवे होते, असे त्यांच्या पाठीराख्यांचे म्हणणे. चित्रफीत हातोहात फिरली. संथ गतीने, थांबवून थांबवून ती पाहिली गेली, आणि प्रत्येक बाजूला आपलेच म्हणणे तिच्यात दिसले. यात नवल नाही. ‘धोक्याची अवस्था’ ही एक व्याख्या आहे. कॅमेरा शरीराचा कोन दाखवतो. तो कोन व्याख्येत बसतो की नाही हे माणसालाच ठरवावे लागते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन संघटनांनी दोन महाराष्ट्र केसरी भरवल्या, तेव्हा तर अधिकृत वाचक कोण हाच प्रश्न उभा राहिला. त्यांतील फुलगावच्या स्पर्धेत सिकंदर शेख यांनी शिवराज राक्षे यांना झोळी डावावर चीत केले, आणि निदान त्या लढतीपुरता वाद उरला नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला परिस्थिती हाताबाहेर गेली. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळ यांनी शिवराज राक्षे यांना चीत केल्याचा निर्णय झाला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते असे म्हणत राक्षे यांनी पंचाला लाथ मारली. किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाड यांनीही पंचांच्या निर्णयावर रागावून मैदान सोडले. दोघांना तीन वर्षांच्या निलंबनाची शिक्षा जाहीर झाली. पंचावर पाय उचलणे असमर्थनीयच आहे. ते मान्य केल्याशिवाय पुढे बोलताच येत नाही. तरीही त्या शिक्षेने मूळ प्रश्नाचे उत्तर दिले नाही. खांदे टेकले होते का, हे विचारणाऱ्या शौकिनाला लाथेची शिक्षा सांगून गप्प बसवता येत नाही.

एका गुणाची किंमत बाहेरच्या माणसाला कळणे कठीण आहे. सातारा येथे २०२२ साली भरलेल्या महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत पृथ्वीराज पाटील यांनी विशाल बनकर यांच्याविरुद्ध ५-४ अशी जिंकली. एवढ्या अंतराने एकाची गदा होते आणि दुसऱ्याचे पुढचे वर्ष. त्या वर्षात दूध, तूप, बदाम यांचा खुराक शेतकरी बाप उचलणार असतो, बहुधा कर्ज काढून. म्हणून निर्णय चुकण्याची भीती इथे नुसत्या अभिमानाशी निगडित नाही. तिच्यात घरचा हिशेबही आहे.

मातीकडे परत जा, गुण नकोतच, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. ते शक्य नाही. ऑलिंपिकचा रस्ता गुणांच्या पाटीवरूनच जातो, हे खाशाबांनीच दाखवले. मार्ग कदाचित साधा आहे. आव्हान दिलेला निर्णय तिथल्या तिथे, त्याच चित्रफितीवर, सर्व मैदानासमोर पुन्हा पाहावा, आणि कोणत्या नियमाच्या कोणत्या शब्दांनुसार दोन किंवा चार गुण दिले हे पंचाने ध्वनिक्षेपकावर मराठीत सांगावे. निर्णय त्यानंतरही कुणाला चुकीचा वाटेल. पण मल्लाला आपण कशाने हरलो हे कळेल, आणि पारावरच्या वादालाही संशयाऐवजी एक वाक्य मिळेल, ज्याचा अर्थ लावत बसता येईल.