त्रिकोणी संसार

जुनी गाडी घेताना लोक टायरला लाथ का मारतात, हे मला आजवर कळलेलं नाही. पण त्या दिवशी मीही मारली. टायर काही बोलला नाही. विकणारा अमेरिकन पोरगा मात्र आदराने मागे सरकला. म्हातारा जाणकार दिसतो, असं त्याला वाटलं असावं.

वास्तविक माझं मोटारज्ञान पेट्रोल कुठे भरायचं याच्या फारसं पुढे गेलेलं नव्हतं. आणि न्यू जर्सीत ते ज्ञानही लागत नाही. इथे पेट्रोल आपल्या हाताने भरायला कायद्याने बंदी आहे, पंपावरचा माणूसच भरतो. चाळीस वर्षांत माझ्या चार गाड्या झाल्या. चारही चार दरवाजांच्या, करड्या, आणि चारचौघांत उठून न दिसणाऱ्या. ही पाचवी लाल होती. २००९ सालची माझदा आरएक्स-८.

"इंजिन कसं आहे?" मी विचारलं.

"रोटरी आहे," तो म्हणाला.

प्रश्न प्रकृतीचा होता, उत्तर कुळाचं आलं. मुलगी बघायला गेल्यावर असं झालं, तर शहाणी माणसं चहा घेऊन उठतात. मी चेक फाडला.

त्याचं कारण फार जुनं आहे. १९७४ साली पुण्याला इंजिनिअरिंगच्या वर्गात सरांनी एकदा फळ्यावर एक आकृती काढली. भुईमुगाच्या शेंगेसारखं, कमरेत किंचित आवळलेलं एक घर, आणि त्यात बाजू फुगलेला एक त्रिकोण. थोडक्यात, शेंगेत समोसा. "हे वांकेल इंजिन," सर म्हणाले, "परीक्षेला नाही." आणि त्यांनी ते पुसून टाकलं. वर्गाने सुटकेचा श्वास सोडला. माझ्या वहीत मात्र ती आकृती राहून गेली. पुढे नोकरी, लग्न, परदेश, मुलांची शिक्षणं, घराचे हप्ते, सगळं परीक्षेला होतं. त्रिकोण तेवढा राहिला.

आकृती दिसते मात्र विलक्षण सोपी. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो, सरकारी फायलीसारखा. इथे वर-खाली भानगडच नाही. त्रिकोण गोल फिरतो, त्याच्या तीन बाजूंनी तीन खोल्या तयार होतात, आणि हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं, ही चारही कामं फिरता फिरताच उरकतात. माझ्या गाडीत असे दोन त्रिकोण आहेत आणि मधून जाणारा एक दांडा. मुख्य हलणारे भाग एवढेच. एकूण आकारमान १.३ लिटर आणि फेरे मिनिटाला ९ हजारांपर्यंत!

आता तुम्ही विचाराल, इतकं सोपं आहे तर सगळ्या जगाने हेच का नाही वापरलं? मीही विचारलं. पण गाडी घेतल्यानंतर चौथ्या दिवशी.

त्या दिवशी सौ.ला तिची गाडी बाहेर काढायची होती आणि माझी आडवी होती. मी माझी सुरू केली, दहा फूट मागे घेतली, बंद केली. कर्तव्यदक्ष नवऱ्याने याहून वेगळं काय करायचं असतं? त्यानंतर ती सुरू होईना. स्टार्टर नुसताच कुरकुरत राहिला.

चाळीस मैलांवर रोटरीचा एक जाणकार मेकॅनिक असल्याचा शोध लागला. फोनवर त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "थंड इंजिन सुरू करून लगेच बंद केलंत का?" डॉक्टर जसा "बाहेरचं काही खाल्लंत का?" विचारतो, तसा. मी कबूल केलं. थंड असताना हे इंजिन पेट्रोल भरपूर पितं. तेवढ्यात बंद केलं तर ते आतच साचतं, प्लग भिजतात, आणि त्रिकोणाच्या टोकांवरचं तेल धुऊन जातं. टोकं कोरडी पडली की फट राहते, दाब निसटतो आणि इंजिन पेटत नाही. एकदा सुरू केली की नीट तापू द्यायची, ही पहिली शिस्त. दुसरी म्हणजे ती थोडं तेल मुद्दाम जाळत असते, तेव्हा तेलाची पट्टी वरचेवर बघायची. तिसरी, अधूनमधून तिला लाल रेषेपर्यंत पळवायची, म्हणजे काजळी साचत नाही. गाडी घेतली की सोवळं, ते कळेना.

त्याच्या सांगण्यावरून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारला. तसं केलं की पेट्रोल बंद होऊन नुसती हवा जाते. चौथ्या खेपेला गाडी अशी काही धुराचा लोट सोडून जागी झाली, की शेजारी बाहेर आला. "सुरू झाली म्हणजे बरी झाली असं नाही," मेकॅनिक म्हणाला. "दाब तपासायला आणा. खरं तर तो घेण्यापूर्वी तपासतात."

"आणि इंजिन गेलेलं निघालं तर?" सौ.ने विचारलं.

"दुरुस्तीला जवळजवळ गाडीच्या किमतीइतके पडतील."

गाडीची किंमत म्हणजे किचनच्या कामासाठी बाजूला ठेवलेले पैसे. ती काही बोलली नाही. तिने किचनमधला ड्रॉवर बंद केला. तो उचलून ढकलल्याशिवाय बंद होत नाही. गेली अकरा वर्षं होत नाही. त्या दिवशी तो जरा मोठ्याने बंद झाला.

तपासणीला दहा दिवस होते. तेवढ्यात मी या इंजिनाचा इतिहास वाचून काढला. आपल्यासारखे आणखी कोण कोण फसले, हे कळलं की माणसाला बरं वाटतं.

जनक फेलिक्स वांकेल, जन्म १९०२, जर्मनीतलं लार गाव. इंजिनिअरिंगची पदवी नाही. नजर इतकी अधू, की या गृहस्थाने उभ्या आयुष्यात गाडी चालवायचा परवाना काढला नाही! माणूस म्हणून सगळंच कौतुकाचं नव्हतं; तरुणपणी तो नाझी पक्षात होता, पुढे तिथल्याच एका पुढाऱ्याशी भांडून १९३३ साली काही महिने तुरुंगातही जाऊन आला. १९५७ च्या फेब्रुवारीत एनएसयू कंपनीत त्याचं इंजिन पहिल्यांदा फिरलं. त्यात त्रिकोणाबरोबर बाहेरची शेंगही फिरायची. कंपनीतल्या पाश्के नावाच्या इंजिनिअरने ती स्थिर केली आणि काम सोपं झालं. वांकेलला ते आवडलं नाही. माझ्या शर्यतीच्या घोड्याला तुम्ही नांगराला जुंपलंत, अशी त्याची तक्रार होती.

१९६७ साली एनएसयूने आरओ-८० ही देखणी गाडी काढली. पुढच्याच वर्षी तिला 'कार ऑफ द इयर'चा मान मिळाला, आणि मग त्रिकोणाची टोकं झिजू लागली. कंपनी हमीपोटी इंजिनं बदलून देता देता टेकीस आली आणि १९६९ साली फोक्सवॅगनच्या घरात गेली. रस्त्यात दोन आरओ-८० समोरासमोर आल्या की मालक एकमेकांना हाताची बोटं दाखवत, असं सांगतात. जितकी बोटं, तितकी इंजिनं बदलून झाली.

सगळी भानगड टोकांची होती. तीन टोकांवर तीन चिंचोळ्या पट्ट्या. त्यांनी भिंतीला चिकटूनही राहायचं आणि भिंत खरवडायचीही नाही. सासरी नांदणाऱ्या सुनेकडून यापेक्षा कमी अपेक्षा असतात.

हा संसार शेवटी निभावला तो हिरोशिमाच्या एका कंपनीने. १९२० साली ती स्थापन झाली ती बुचाच्या लाकडाचा माल बनवायला. पुढे तीनचाकी गाड्या. ६ ऑगस्ट १९४५ ला सगळं शहर बेचिराख झालं तेव्हा एका टेकडीच्या आडोशामुळे कारखाना बचावला, आणि जिल्ह्याचा कारभार काही काळ त्याच्याच इमारतीतून चालला. साठीच्या दशकात जपान सरकारच्या मनात छोट्या मोटार कंपन्या मोठ्यांत विलीन करायचं होतं. वेगळं काहीतरी हातात असल्याशिवाय आपण टिकत नाही, हे ओळखून अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदांनी १९६१ साली एनएसयूशी करार केला. हाती आलेल्या इंजिनात काही तास फिरवल्यावर भिंतीवर ओरखडे उठायचे. जपानी इंजिनिअरांनी त्यांना नाव दिलं, सैतानाची नखं.

केनइची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअर बसवले. जपानात धन्यासाठी प्राण देणाऱ्या ४७ सामुराईंची कथा घरोघरी माहीत असते, त्यामुळे आकड्याचा अर्थ कुणाला सांगावा लागला नाही. त्यांना शोध लागला, की पट्टी आपल्या ठरावीक लयीत थरथरते, म्हणून ओरखडतात. त्यांनी पट्टीला आडवी भोकं पाडून ती लय मोडली. पुढे कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली पट्टी केली. ३० मे १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. बुचं बनवायला निघालेल्या कंपनीने चाळीसएक वर्षांनी जगातली सर्वांत अवघड फट बुजवली, ती ही अशी.

मग सगळ्यांनाच त्रिकोण हवासा झाला. जनरल मोटर्सने १९७० साली ५ कोटी डॉलरचा परवाना घेतला. १९७३ साली तेलाचा भडका उडाला, आणि पेट्रोल पिण्यात पटाईत असलेलं हे इंजिन एकदम नकोसं झालं. जनरल मोटर्सने १९७४ मध्ये बेत गुंडाळला. माझदा मात्र सोडीना. १९७८ साली आरएक्स-७ आली. १९९१ साली चार त्रिकोणांच्या ७८७बी गाडीने ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. शेवटी चालवणारा जॉनी हर्बर्ट इतका थकला होता, की बक्षीस घ्यायला उभाही राहू शकला नाही. गाडी ठणठणीत होती! माझी आरएक्स-८ या घराण्यातली शेवटची. २०१२ साली तिचं उत्पादन थांबलं. २०२३ पासून एक त्रिकोण पुन्हा एका माझदात बसतो आहे, पण फक्त बॅटरी भरायला. कर्तबगार माणूस निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या पाण्याच्या पंपाकडे लक्ष देतो, तसा.

तपासणीच्या दिवशी सौ. बरोबर आली. "काय ते माझ्यासमोर होऊ दे," म्हणाली.

या इंजिनाला साधं दाबमापक चालत नाही. प्रत्येक बाजूचा दाब वेगळा मोजावा लागतो. दोन त्रिकोण, सहा बाजू, सहा आकडे. मेकॅनिकने कागद हातात दिला. पास व्हायला ६८० लागतात. पाच विषयांत बरे होते. सहाव्यात ७००.

"म्हणजे?" सौ.

"काठावर पास."

"तुमच्यासारखीच," ती म्हणाली. माझे कॉलेजचे मार्क तिला माहीत आहेत.

परतताना हायवेच्या चढावर मी दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. तिसरी शिस्त पाळायची होती. काटा सात हजारांवर गेला, आठ हजारांवर गेला. इंजिन थरथरेना की गुरगुरेना, नुसतं गात होतं. सौ.ने एका हाताने दार धरलं होतं, पण "हळू" म्हणाली नाही. नऊ हजारांच्या जरा अलीकडे शिट्टी वाजली.

"अहो, हे काय वाजलं?"

"आता पुरे, असं गाडी सांगतेय."

"मग ऐका तिचं," ती म्हणाली. "आमचं नाही तर नाही, निदान तिचं तरी."

मी गिअर बदलला. घरी आल्यावर तो सहा आकड्यांचा कागद तिनेच फ्रिजला चुंबकाने लावला. तिथे पूर्वी मुलांचे निकाल असायचे. गाडी नीट तापलेली होती, म्हणून मी न घाबरता बंद केली, आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन ड्रॉवरसमोर बसलो.