थकलेले स्नायू, चुकलेला ताल

लॉस एंजेलिस येथे ५ ऑगस्ट १९८४ रोजी ऑलिम्पिकमधील महिलांची पहिली मॅरेथॉन झाली. विजेती जोन बेनॉइट अंतिम रेषा ओलांडून गेल्यावर बऱ्याच वेळाने स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस स्टेडियममध्ये शिरली. एक पाय ताठरलेला, एक हात लुळा, धड एका बाजूला कललेले. शेवटच्या ४०० मीटरसाठी तिला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागला. तरी तिने ३७वे स्थान मिळवले. तिची ती अवस्था प्रामुख्याने उष्म्याने ओढवली होती. मात्र हालचालींवरचा ताबा सैल होण्याचा अनुभव, पुष्कळ सौम्य स्वरूपात, लांब पल्ल्याच्या बहुतेक धावपटूंना येतो.

४२.१९५ किलोमीटरचे अंतर चार तासांत कापणारा धावपटू ढोबळमानाने ४० हजार पावले टाकतो. प्रत्येक वेळी पाऊल जमिनीला टेकण्यापूर्वीच पोटरी आणि मांडीचे स्नायू आवश्यक तेवढे ताणले जावे लागतात. प्रश्न केवळ ताकदीचा नसतो, वेळ साधण्याचाही असतो.

सतत आकुंचन पावणाऱ्या स्नायूतंतूंत फॉस्फेट साचते, कॅल्शियमची देवघेव मंदावते आणि मेंदूच्या त्याच आज्ञेला कमी प्रतिसाद मिळू लागतो. मग तूट भरून काढण्यासाठी आणखी तंतू कामाला जुंपले जातात. वेग टिकतो, पण जोर एकसारखा राहत नाही. (दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचे खापर लॅक्टिक आम्लावर फोडण्याची सवय अजून गेलेली नाही. वास्तविक ते धावणे थांबल्यावर तासा-दोन तासांत ओसरते.)

याहून फसवा भाग जाणिवेचा आहे. गुडघा किती वाकला, घोटा कोणत्या कोनात आहे, ही माहिती मुख्यत्वे स्नायूंमधील सूक्ष्म संवेदकांकडून मेंदूला मिळते. थकव्यानंतर हा अंदाज चुकतो. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात. त्यामुळे त्यांना इजा अधिक होते आणि हा गोंधळही वाढतो. आपले पाऊल बिघडले आहे, हे धावणाऱ्याला म्हणूनच उशिरा कळते.

मेंदूही थकतो. इटालियन शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोस्सो यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस बोटाने वजन उचलण्याचे उपकरण वापरून हे दाखवले. विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या एका सहकारी प्राध्यापकाच्या बोटाची क्षमता घटलेली आढळली. बोटाने तर काहीच श्रम केले नव्हते!

मुंबई मॅरेथॉनमध्ये अनेक वर्षे पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय आधीच जड झालेले असताना धावपटूंची परीक्षा पाहत आला आहे. चढापेक्षा पुढचा उतार अधिक सांभाळण्याजोगा. पावलांचा आवाज वाढणे, चवडा घासणे, गुडघा आत वळणे, खांदे कानांकडे सरकणे ही समन्वय ढळल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी पाऊल आखूड करून वेग उतरवावा किंवा थोडे चालावे. सरावात पल्ला हळूहळू वाढवणे आणि मांडी-कमरेच्या स्नायूंचे व्यायाम करणे यांमुळे ही वेळ लांबते. पण तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा दिशा उमगेनाशी झाली, तर तो निव्वळ स्नायूंचा थकवा नव्हे. तेथेच थांबून वैद्यकीय पथकाला बोलवावे. अंतिम रेषा शंभर पावलांवर असली तरीही.