वजनाचा तक्ता कुणी बनवला?

वस्त्यांमध्ये काम करताना तरुण मुली आम्हाला हमखास विचारतात, "ताई, माझं वजन जास्त आहे का?" आम्ही उलट विचारतो, जास्त म्हणजे कुणापेक्षा?

आज मोबाईलवर दोन सेकंदांत निघणाऱ्या 'बीएमआय'चं सूत्र १८३०च्या दशकात बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ केटले यांनी मांडलं. ते डॉक्टर नव्हते, खगोल आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक होते. एखाद्या बाईची तब्येत तपासणं हा त्यांचा हेतूच नव्हता. त्यांना युरोपातल्या मापांमधून 'सरासरी माणूस' शोधायचा होता, आणि ती सरासरीच त्यांना आदर्श वाटत होती. काहींचं माप आदर्श ठरवलं की उरलेले आपोआप सदोष ठरतात. ही युक्ती आपल्याला काही नवी नाही!

१९४२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने आपल्या विमेदारांच्या नोंदींवरून स्त्रियांच्या 'आदर्श वजना'चे तक्ते काढले. त्याच वर्षी २० जुलैला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. तिथल्या स्त्रियांनी काय मागितलं? घटस्फोटाचा हक्क, आणि गिरणी, बिडी कारखान्यांतल्या कामगार स्त्रियांना रजा, दुखापतीची भरपाई, पेन्शन. शरीराचाच प्रश्न होता तो, पण राबणाऱ्या शरीराचा.

कुणी म्हणेल, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनीही स्त्रियांना लुगडं नेसण्याची पद्धत आणि जड दागिने बदलायला सांगितलंच ना? सांगितलं. कारण त्या खुणांवरून जात ओळखली जात होती. देहावर लादलेली खूण पुसणं वेगळं आणि बाजाराने दिलेली नवी खूण गोंदवून घेणं वेगळं.

वजनाचा आणि मधुमेहाचा संबंध आम्ही नाकारत नाही. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांनी २५ ऐवजी २३ बीएमआयपासूनच सावध व्हावं असं सुचवलं, ते याच कारणाने. पण तो धोक्याचा इशारा आहे, सौंदर्याचा दाखला नव्हे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. १८.७ टक्क्यांचं वजन कमीच होतं. अशा देशात आपल्या मुली बारीक व्हायला रात्रीची भाकरी सोडतात. येत्या शिबिरात वजनकाटा ठेवणार असाल तर शेजारी हिमोग्लोबिन तपासणीचं टेबलही लावा.