बंदरांतल्या सोळा पायऱ्या

मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरांत सफरीची बोट सकाळीं लागली, तर कित्येकदां सायंकाळींच तिचा भोंगा होतो. मधल्या सातआठ तासांत बेट पाहून यावयाचें असतें. उतारू मोटारींत बसून समुद्रकिनारा गांठतात, एखाद्या हॉटेलच्या अंगणांत घेरदार झगे फिरवीत चाललेला सेगा नाच पाहतात, आणि येथील संस्कृति पाहिली अशा समाधानानें परततात. श्रोतेहो, त्यांना दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु ज्या बंदरांत ते उतरले, त्याच बंदराच्या कांठीं काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. त्या पाहिल्यावांचून हें बेट कळावयाचें नाहीं, असें मला वाटतें.

कारण या बेटाला मूळचे रहिवासीच नाहींत. १५९८ सालीं डच खलाशी उतरले, तेव्हां तेथें डोडो नांवाचा उडतां न येणारा बोजड पक्षी होता, अबनुसाचीं जंगलें होतीं, माणूस नव्हता. डचांनीं आपल्या मॉरिस राजपुत्राचें नांव बेटाला दिलें, जंगल तोडलें, ऊंस व हरणें आणलीं, आणि १७१० सालीं ते निघून गेले. तोंवर डोडो नामशेष झाला होता. पुढें फ्रेंच आले. १८१० सालीं बेट इंग्रजांच्या हातीं गेलें. पण कायदा, धर्म आणि चालीरीति फ्रेंचांच्याच राहूं दिल्या. म्हणून एवढ्या काळाच्या इंग्रजी अमलानंतरही बाजारांत कानीं पडते ती फ्रेंच वळणाची क्रिओल.

ही बोली आणि तो सेगा, दोन्ही गुलामांचीं अपत्यें. मादागास्कर व मोझांबिक येथून धरून आणलेल्या माणसांपाशीं सामाईक भाषा नव्हती. होती ती लांकडी कड्यावर बोकडाचें कातडें ताणलेली रावान. वाजविण्यापूर्वीं ती विस्तवावर शेकून घेतात. पाय जमिनीवरून फारसे न उचलतां घाशीत नाचावयाचें, आणि गाण्यांत मनांतलें बोलावयाचें. हॉटेलांतला रंगीत सेगा पाहून या गोष्टींची कल्पना येत नाहीं. नैर्ऋत्येस ल मोर्न नांवाचा उभा कडा आहे. पळालेले गुलाम तेथें आश्रय घेत. १८३५ सालीं मुक्ततेची वार्ता घेऊन शिपाई वर चढूं लागले, तेव्हां ते धरावयासच आले अशा समजुतीनें कित्येकांनीं कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा लोक सांगतात.

गुलाम सुटणार म्हटल्यावर मळेवाल्यांना हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘अॅटलस’ जहाजानें कलकत्त्याहून ३६ मजूर आले. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारें साडेचार लाख हिंदी माणसें या बंदरांत उतरलीं. करार पांच वर्षांचा, वेतन महिना पांच रुपये, वर शिधा. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचें वेतन कापीत. १८६७ सालच्या कायद्यानें तर करार संपलेल्या मजुरालाही स्वतःची तसबीर चिकटविलेला परवाना जवळ बाळगावा लागे. गुलामगिरी संपली, असें सरकारी कागदावर लिहिलेलें होतें!

त्या सोळा पायऱ्या या मजुरांच्या तळाच्या. तळ १८४९ सालीं बांधला. त्याला पूर्वीं कुली घाट म्हणत. आज अप्रवासी घाट म्हणतात. निम्म्याहून अधिक वास्तु राहिलेली नाहीं, तरी २००६ सालीं युनेस्कोनें तिला जागतिक वारशाचें स्थान दिलें.

बहुसंख्य मजूर बिहारकडचे, त्यांखालोखाल मद्रासेकडचे. थोडे मुंबईहून चढले. त्यांत कोंकणांतली मराठी माणसें होतीं. कारकुनानें कानाला येईल तसें नांव लिहिलें, आणि एका माणसाचें पाळण्यांतलें नांव सबंध वंशाचें आडनांव होऊन बसलें. त्यांच्या वंशजांच्या घरांत आज बहुधा क्रिओलच चालते. मराठी मुलें शाळेंत शिकतात, पाहुण्या भाषेसारखी. पण गणेशचतुर्थीला तेथें सार्वजनिक सुटी असते, मातीची मूर्ति नदीसमुद्रांत विसर्जन करतात, आणि झाकरी नाचतात. ही झाकरी म्हणजे रत्नागिरीकडची आपली जाखडी. शब्दांचा अर्थ धूसर झाला, तरी पावलांनीं ठेका सोडला नाहीं. सेग्याचेंही तसेंच झालें नाहीं काय?

मोका गांवीं महात्मा गांधी संस्थेंत मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. नांव, बापाचें नांव, वय, जात, जहाज, गांव. वंशज आपल्या पणजोबांचा क्रमांक घेऊन येतात. पान सांपडतें, कधीं तसबीरही सांपडते. गांवाचें नांव मात्र कारकुनाच्या कानानें लिहिलेलें. तें मोठ्यानें दोनतीनदां वाचून पाहतात, आणि मग नकाशावर कोंकणचा किनारा बोटानें चाचपीत बसतात.