ब्लेफॅरोप्लास्टी
ब्लेफॅरोप्लास्टी ही पापण्यांवरील अतिरिक्त त्वचा, आणि गरजेनुसार चरबी किंवा स्नायूचा काही भाग, काढून अथवा पुन्हा बसवून पापण्यांना आकार देणारी शस्त्रक्रिया आहे. ती सौंदर्यासाठी किंवा दृष्टीला होणारा अडथळा दूर करण्यासाठी केली जाते.

पूर्वतपासणी
वरच्या पापणीची त्वचा सैल होऊन लोंबणे आणि पापणी उचलणारा स्नायू दुबळा झाल्याने पापणीच खाली येणे (टोसिस) या दोन वेगळ्या अवस्था आहेत. टोसिसमध्ये केवळ त्वचा काढून पापणी वर येत नाही. त्यासाठी स्नायूवर शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून दृष्टी, दृष्टिक्षेत्र, अश्रूंचे प्रमाण व डोळा पूर्ण मिटतो का, हे आधी तपासतात. थायरॉइडचे विकार, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि रक्त पातळ करणारी औषधे यांची नोंद घेतली जाते. अशी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नयेत.

शस्त्रक्रिया
ही शस्त्रक्रिया बहुधा स्थानिक भूल देऊन केली जाते. वरच्या पापणीचा छेद नैसर्गिक घडीत घेतल्याने व्रण झाकला जातो. खालच्या पापणीचा छेद पापणीच्या केसांलगत किंवा पापणीच्या आतील बाजूने घेतात. आतून घेतलेल्या छेदाचा व्रण बाहेर दिसत नाही.

बरे होण्याचा काळ
पहिले दोन दिवस थंड शेक देतात व डोके उंचावर ठेवून झोपण्यास सांगतात. त्वचेवरील टाके साधारणतः ५ ते ७ दिवसांनी काढले जातात. सूज व काळेनिळे डाग बहुतांशी दोन आठवड्यांत ओसरतात. अंतिम आकार दिसण्यास काही महिने लागतात.

मर्यादा व धोके
रंगद्रव्यामुळे आलेली काळी वर्तुळे, डोळ्यांच्या कोपऱ्यांतील सुरकुत्या आणि खाली आलेल्या भुवया या शस्त्रक्रियेने सुधारत नाहीत. डोळे कोरडे पडणे, दोन्ही पापण्यांत फरक राहणे, खालची पापणी बाहेर वळणे आणि जास्त त्वचा काढल्यास डोळा पूर्ण न मिटणे, हे संभाव्य दुष्परिणाम आहेत. डोळ्यामागे रक्तस्राव होणे दुर्मीळ असले, तरी त्याने दृष्टी कायमची जाऊ शकते. तीव्र वेदना, डोळा पुढे येणे किंवा अंधुक दिसणे ही लक्षणे आढळल्यास तातडीने उपचार आवश्यक असतात.

इतिहास
सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याकडे वळलेल्या पापणीच्या केसांवरील उपाय म्हणून पापणीवरील त्वचेचा जवाच्या आकाराचा तुकडा काढून जखम शिवण्याचे वर्णन आहे. कावसजी या गाडीवानाच्या नाकावर पुण्यात झालेल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या ‘द जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापला गेला. त्यातून नाकाच्या पुनर्रचनेची भारतीय पद्धत युरोपात पोहोचली. या पद्धतीचा अभ्यास करणारे जर्मन शल्यविशारद कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे यांनीच १८१८ मध्ये ‘ब्लेफॅरोप्लास्टी’ ही संज्ञा पापणीच्या पुनर्रचनेसाठी वापरली.

पुण्यातील स्थिती
पुण्यात ही शस्त्रक्रिया नेत्रतज्ज्ञांतील ऑक्युलोप्लास्टी विशारद व प्लास्टिक सर्जन करतात. हडपसर परिसरातील मोहम्मदवाडी येथे पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे. भारतात केवळ रूप बदलण्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विम्यातून सहसा मिळत नाही. वैद्यकीय गरज सिद्ध करण्यासाठी दृष्टिक्षेत्र चाचणीचा अहवाल व छायाचित्रे उपयोगी पडतात.